हौद्याला रंग नंतर, दुरुस्ती आधी

बीड जिल्ह्यात कापडाचा धंदा जेवढा दुकानाच्या गादीवर चालतो, तेवढाच तो गाडीच्या हौद्यात चालतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर आणि सुरत येथून गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत येतात. तेथून दुकानापर्यंत आणि दुकानातून आठवडी बाजारापर्यंत माल नेण्याची जबाबदारी आमची आमच्यावरच असते. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु दुकानाच्या दारापर्यंत गाठ रस्त्यानेच येणार. म्हणून पिकअप गाडी ही आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्यांसाठी चैनीची वस्तू नाही. ती तराजू आणि गजासारखे धंद्याचे साधन आहे.

आमच्या भागात मालाची कोणतीही लहान गाडी असली तरी तिला ‘टेम्पो’च म्हणतात. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले, पण लोकांच्या तोंडातला टेम्पो काही गेला नाही. पुढे टाटाची २०७ आली, महिंद्राची पिकअप आली आणि २००५ मध्ये टाटा एस म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आला. यांपैकी बऱ्याच गाड्या आता बारा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांचे इंजिन अजून धडधाकट आहे, चासी शाबूत आहे, पण हौदा मात्र गेलेला आहे. तळाच्या पत्र्याला भोके, फाळक्याची बिजागरी ढिली, साखळीच्या जागी तार, हुक तुटलेले, ताडपत्री चाळणीसारखी. अशा गाडीचे काय करावे, हा प्रश्न आज अनेक व्यापारी बंधूंसमोर आहे.

यावर तीन मार्ग सांगितले जातात. पहिला, जुनी काढून हप्त्यावर नवी घ्यावी. दुसरा, भोकांवर लांबी भरून रंग मारावा आणि वेळ निभवावी. तिसरा, हौदा मुळापासून दुरुस्त करावा. ज्या गाडीची चासी आणि इंजिन चांगले आहे, तिच्यासाठी तिसराच मार्ग किफायतशीर आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ही दुरुस्ती खालून वर झाली पाहिजे आणि मूळ मापातच झाली पाहिजे. या दोन अटी पाळल्या नाहीत तर तिसरा मार्ग पहिल्या दोहोंपेक्षाही महाग पडतो.

हप्ता दरमहा, कमाई हंगामी

नवी गाडी घेणे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा धंदा बारमाही आहे त्याने जरूर घ्यावी. पण आपल्या जिल्ह्यातला पैसा बारमाही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. निघण्याआधी घरात कपडा-लत्ता घेतात. त्यानंतर गावेच्या गावे ओस पडतात. मजूर परततात ते हंगाम संपल्यावर, आणि मग लग्नसराईत पुन्हा गिऱ्हाईक दिसते. ईद, दिवाळी, लग्नसराई आणि पाऊस बरा झाला तर कापसाचे पैसे, एवढ्यावर आमचे वर्ष उभे असते. कोरडा दुष्काळ पडला तर त्यातलेही निम्मे जाते.

आता समजा नव्या गाडीचा हप्ता महिना १५ हजार रुपये बसला आणि मुदत पाच वर्षांची असली, तर एकूण रक्कम ९ लाख होते. ज्या महिन्यात आठवडी बाजारात बोहनी होण्याची मारामार असते, त्या महिन्यातही हप्ता थांबत नाही. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बंधूंसाठी तर हा मार्ग मुळातच अवघड आहे. उलट हौद्याच्या दुरुस्तीचा खर्च कितीही मनासारखा काम करून घेतला तरी एकरकमी असतो, आधी ठरवता येतो आणि हातात पैसा असेल तेव्हा करता येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, अशी चर्चा चहाच्या टपरीवर नेहमी ऐकू येते आणि भीतीपोटी लोक चांगली गाडी मातीमोल भावात देऊन टाकतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जे भंगार धोरण जाहीर केले, ते खाजगी मालकांसाठी ऐच्छिक आहे. १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी मात्र १ एप्रिल २०२३ पासून चालू ठेवली जात नाही. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत, ते बीडला लावू नयेत. आपल्याकडे प्रश्न वयाचा नसून फिटनेसचा आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे, म्हणून अर्ज करण्याआधी चालू दर पाहून तो खर्चही हिशोबात धरावा.

गंज हा कापडाचा वैरी

किराणा किंवा सिमेंट नेणाऱ्याला हौद्यातला थोडा गंज खपतो. कापडवाल्याला तो खपत नाही. सुती कापड कोरडे दिसले तरी हवेतला ओलावा धरून ठेवते. व्यापारात सुती मालाचा प्रमाण ओलावा साडेआठ टक्के धरतात, तर पॉलिएस्टरचा अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून सुती गाठ पावसाळ्याच्या रात्री गंजक्या पत्र्यावर राहिली, तर सकाळी खालच्या ताग्यावर तांबूस डाग उमटलेला दिसतो. हा डाग साबणाने जात नाही. पांढऱ्या सुती मालावरून ऑक्झॅलिक ॲसिडने तो काढता येतो, परंतु ते विषारी आहे आणि रंगीत मालावर वापरले तर डागाबरोबर रंगही जाण्याची भीती असते. डाग पडलेला तागा ‘सेकंड’ म्हणून विकावा लागतो. पत्र्याची वर आलेली धार किंवा वेल्डिंगचा खडबडीत टाका गाठीच्या तरटातून आत गेला तर वरचे दोन-तीन पदर फाटतात, तो तोटा वेगळाच. वर्षभरात असे जेवढे नुकसान होते ते वहीत वेगळे लिहून पाहावे. हौद्याच्या दुरुस्तीची मोठी रक्कम आपण आधीच हप्त्या-हप्त्याने भरत आहोत, असे बऱ्याच जणांच्या लक्षात येईल.

जुनी गाडी विकत घेताना तर अधिकच सावध राहावे. तिने आधी काय वाहिले आहे हे विचारावे. खताची पोती, मीठ आणि जनावरे वाहिलेली गाडी आतून लवकर सडते. पोटॅशच्या खतात क्लोराईड असते; ते ओलावा ओढते आणि लोखंडाला खाते. अशी गाडी बाजारात बहुधा नुकताच रंग मारून उभी असते. बडा घर पोकळ वासा, हे अशा वेळी आठवावे.

खालून वर

बहुतेक मालक दुरुस्तीला वरून सुरुवात करतात, कारण भोक वरून दिसते. खरे दुखणे खाली असते. तळाचा पत्रा ज्या आडव्या चॅनेलांवर टेकलेला असतो, तेथे दोन लोखंडांच्या मध्ये पाणी आणि माती अडकून राहते. केबिनच्या मागचा कोपरा, फाळक्याच्या खालची कड आणि चासी व हौदा यांच्यामधली लाकडी पट्टी या तीन जागा सर्वांत आधी जातात. लाकडी पट्टी पाणी पिऊन महिनोन् महिने ओली राहते. तेव्हा गाडी खड्ड्यावर घेऊन प्रत्येक चॅनेल लहान हातोडीने ठोकून पाहावा. चांगले लोखंड ‘ठण’ वाजते, सडलेले ‘भद’ वाजते. त्याच वेळी चासी, पाटे जिथे बसतात ते ब्रॅकेट आणि हौद्याचे यू-बोल्ट तपासावेत. चासीलाच तडा असेल किंवा पाट्याचे ब्रॅकेट सडले असेल, तर मात्र हौद्यावर एक रुपयाही घालू नये. अशा गाडीला नोंदणीकृत भंगार केंद्रावर देणेच शहाणपणाचे आहे. तेथून मिळालेल्या प्रमाणपत्रावर नवी मालवाहू गाडी घेताना रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे.

चासी चांगली असेल तर क्रम असा ठेवावा. हौदा सोडवून उतरवावा. सडलेले चॅनेल कापून त्याच मापाचे नवे घालावेत. लाकडी पट्टी बदलावी. मग तळाचा पत्रा, त्यानंतर बाजू आणि फाळका, मग अस्तराचा हात आणि सर्वांत शेवटी रंग. रंगाचे काम आम्ही शेवटी सांगतो, पण त्यातही घाई नको. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज पूर्ण काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. गंजावर डांबरी लेप दिला तर गंज आतल्या आत सुखाने वाढतो. तळात पाणी जाण्यासाठी कंपनीने ठेवलेली भोके वेल्डर पुष्कळदा बुजवून टाकतो. ती उघडी राहिली पाहिजेत.

वेल्डिंगच्या वेळी चार गोष्टी मालकाने स्वतः उभे राहून पाहाव्यात. पहिली, बॅटरीच्या तारा सोडल्या आहेत. अलीकडच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, ती वेल्डिंगच्या करंटने जळू शकते. दुसरी, डिझेलची टाकी आणि नळ्या दूर किंवा नीट झाकलेल्या आहेत. तिसरी, चासीला वेल्डिंग होत नाही आणि तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवे भोकही पाडले जात नाही. हौदा जुन्याच भोकांतून बोल्टने बसला पाहिजे. चौथी, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडताना निघणारा पांढरा धूर कारागिराच्या छातीत जाऊ नये. त्याने थंडी वाजून ताप येतो. जोडाच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे.

पत्र्याचा नंबर आणि सुताचा नंबर

पत्रा घेताना आपले बंधू फसतात ते गेजमध्ये. वास्तविक कापडवाल्याने येथे फसू नये, कारण आपल्याकडे सुताचा नंबर असाच चालतो. साठ नंबरचे सूत चाळीसपेक्षा बारीक असते. तसेच गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज सुमारे १.६ आणि १८ गेज सुमारे १.२ मिलिमीटर. बाजूंसाठी जो पत्रा चालतो तो तळाला चालत नाही. अंदाजपत्रकात ‘चांगला पत्रा’ असे मोघम लिहून घेऊ नये. मिलिमीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि पत्रा गाडीला लागण्याआधी मोजून घ्यावा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जुन्या सडलेल्या तळावरच नवी जाड प्लेट टाकणे. काम एका दिवसात होते, दिसायला भक्कम दिसते, म्हणून ते सगळ्यांना आवडते. त्याचा हिशोब करून पाहू. एक चौरस मीटर लोखंडी पत्र्याचे वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे सुमारे ७.८५ किलो असते. हौदा ८ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला तर क्षेत्रफळ ४४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४.१ चौरस मीटर होते. त्यावर ३ मिलिमीटरची प्लेट टाकली की जवळजवळ ९६ किलो वजन गाडीवर कायमचे बसले. ही गाडी रिकामी परतली तरी ९६ किलो घेऊनच परतते. डिझेल त्याचे, टायर त्याचे, आणि कायदेशीर मालाची क्षमता तेवढ्याने कमी. शिवाय दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरले की बाहेर निघायला वाट नाही. जुना तळ कापून २ मिलिमीटरचा नवा बसवला तर मजुरी जास्त लागते, पण वजन मूळच्या आसपास राहते आणि खालचे चॅनेल डोळ्यांना दिसतात. महँगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार, असे आमचे वडीलधारे म्हणत ते उगीच नव्हे.

कापडासाठी तळावर लांबीच्या दिशेने लाकडी दांड्या बसवून घ्याव्यात. गाठ पत्र्यापासून दोन बोटे वर राहते, खालून हवा खेळते आणि पाणी आले तरी मालाला लागत नाही. दांड्यांचे बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले असावेत आणि त्यांची डोकी लाकडात बुडालेली असावीत.

फाळका, साखळी, हुक

हौद्याच्या फिटिंगकडे फारच दुर्लक्ष होते. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना किंवा धारूरच्या घाटात सगळा भार मागे सरकतो आणि फाळक्यावर येतो. तेथे साखळीच्या जागी तार बांधलेली असेल तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्या तारेवर टांगलेला असतो. माल गेला तर पुन्हा आणता येतो, माणूस आणता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या साखळ्या सारख्या लांबीच्या, कड्या पूर्ण जोडलेल्या आणि खिट्टीला अडकवण असलेली हवी. बिजागरीचा दांडा झिजला असेल तर तो बदलावा, त्यावर वेल्डिंगचा थर चढवू नये. दोराचे हुक बाहेरच्या बाजूला असावेत. आतले हुक गाठी फाडतात. मागे लाल, पुढे पांढऱ्या आणि बाजूंना पिवळ्या परावर्तक पट्ट्या स्वच्छ दिसतील अशा लावाव्यात. ऊसाच्या हंगामात रात्रीच्या रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर असतात, त्या दिवसांत या पट्ट्यांचे मोल कळते.

माप वाढवू नये

हौदा गॅरेजला गेला की एक मोह हमखास होतो. आता कामच करतो आहोत तर बाजू फूटभर उंच करून घ्याव्यात, मागे अर्धा फूट वाढवावे. आमचा याला साफ विरोध आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि आर.सी. पुस्तकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवले आहे. जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. पाटे, ब्रेक आणि टायर कंपनीने ठराविक वजनासाठी दिलेले असतात. बाजू उंच झाली की माणूस ती भरतोच, आणि घाट उतरताना ब्रेक जबाब देतात. मग बीडच्या एम.एच. २३ ची गाडी असो की अंबाजोगाईच्या एम.एच. ४४ ची, अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही पहिला प्रश्न याच बदलाचा निघतो.

कारागिराचा हक्क

शेवटी ज्यांच्या हातून हे काम होते त्यांच्याविषयी. पत्रेवाले, वेल्डर, लोहार, सुतार आणि पेंटर यांच्यात आपल्या वस्तीतली मुले पुष्कळ आहेत. हौदा मुळापासून बांधून देणारे उस्ताद मात्र आता गावागावात कमी होत चालले आहेत, कारण गिऱ्हाइकाला आज जाऊन उद्या गाडी हवी असते आणि मजुरीत घासाघीस करायची असते. सर्वांत स्वस्त भाव मागितला की सर्वांत स्वस्त काम मिळते, ते म्हणजे लांबी आणि रंग. त्याऐवजी पत्रा, चॅनेल, बोल्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. सामान स्वतः वजन करून आणून द्यावे, कामाला पुरेसे दिवस द्यावेत आणि ठरलेली मजुरी वेळेवर चुकती करावी. तरुणांनीही नुसते बघून शिकण्यावर थांबू नये. आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. उस्तादाचा हात आणि आय.टी.आय.चा दाखला एकत्र आले तर या धंद्यात रोजगाराची कमतरता पडणार नाही.

या कामासाठी योग्य वेळ कोणती, असे विचारले तर आम्ही पौष-माघ सांगू. ऊसतोडीमुळे गावे रिकामी असतात, बाजार मंदा असतो, गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तरी धंदा अडत नाही. हवा कोरडी असते, त्यामुळे अस्तर आणि रंग नीट धरतो. फिटनेसची तारीख जवळ असेल तर त्याआधी काम उरकून घ्यावे. लग्नसराई सुरू झाल्यावर किंवा पहिला पाऊस पडल्यावर गॅरेज शोधत फिरणाऱ्याला लांबी आणि रंगावरच समाधान मानावे लागते. तेव्हा व्यापारी बंधूंनी या मंदीच्या दिवसांत एकदा गाडीखाली वाकून पाहावे, हातोडीने चॅनेल ठोकून पाहावा आणि मगच नव्या गाडीच्या शोरूमकडे जायचे की उस्तादाच्या गॅरेजकडे, हे ठरवावे.